छाती भरतेय, आणि डॉक्टर पोटाचं विचारतायत

निशिगंध (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय.

मुलगा १९ महिन्यांचा आहे, आम्ही नाशिकला असतो. या पावसाळ्यापासून चौथ्यांदा त्याची छाती भरली. दर वेळी तोच क्रम. आधी नाक गळतं, दुसऱ्या रात्री खोकला, तिसऱ्या दिवशी घुरघुर. मग नेब्युलायझर आणि अँटिबायोटिकचं सिरप. दोनदा तर एक कोर्स संपून पंधरा दिवस झाले नाहीत तोच दुसरा सुरू झाला. सिरप सुरू झालं की जुलाब, ढुंगण लालबुंद, जेवण बंद. जरा अंगाला लागतंय असं वाटलं की परत नाक गळायला लागतं.

गेल्या आठवड्यात डॉक्टर बदलले. या बाईंनी छाती नीट तपासली आणि नंतर सगळे प्रश्न पोटाचे विचारले. सिझर की नॉर्मल? पहिल्या आठवड्यात अँटिबायोटिक दिलं होतं का? वरचं दूध कधी सुरू केलं? अंगावर किती महिने पाजलं? मी विचारलं, याचा खोकल्याशी काय संबंध? म्हणाल्या, थेट नाही, पण आहे. बाहेर रांग मोठी होती, पुढचं बोलणं राहून गेलं.

आमची उत्तरं अशी: सिझर. जन्मल्यावर श्वास जोरात चालत होता म्हणून तीन दिवस काचेच्या पेटीत, सलाईनमधून अँटिबायोटिक. मला दूध चौथ्या दिवशी उतरलं, तोवर डब्याचं. पुढे सात महिने अंगावर पाजलं.

घरी येऊन फोनवर शोधलं तर इंग्लंडमधल्या एका अभ्यासाची बातमी सापडली. पहिल्या आठवड्यातल्या शीमधल्या जिवाणूंवरून पुढे कोणतं बाळ छातीच्या आजाराने दवाखान्यात भरती होण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज येतो म्हणे. ते वाचल्यापासून झोप नाही. त्या चार दिवसांत माझ्या हातून त्याचं कायमचं काही बिघडलं का? आता पोट सुधारून छाती सुधारता येईल का? ती प्रोबायोटिकची, म्हणजे चांगल्या जिवाणूंची पावडर, प्लास्टिकच्या कुप्या, त्यांचा खरंच उपयोग होतो का?

जाणकारांनी कृपया लिहा.

---

पारिजात

निशिगंधताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे, सांगलीकडे. तुमचं लिहिणं वाचून राहवलं नाही.

सगळ्यात आधी हे: तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. श्वास जोरात चालणाऱ्या नवजात बाळाला त्या रात्री अँटिबायोटिक देणं बरोबरच होतं. नवजात बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग असेल तर काही तासांत होत्याचं नव्हतं होतं. तिथे पोटातल्या जिवाणूंचा विचार करत बसायला वेळ नसतो, आणि बसूही नये.

आता तो अभ्यास. २०२४ मध्ये लॅन्सेट मायक्रोब या वैद्यकीय नियतकालिकात आला. १,०८२ बाळांची पहिल्या आठवड्यातली शी तपासली आणि दोन वर्षांची होईपर्यंत त्यांच्या दवाखान्याच्या नोंदी पाहिल्या. ज्या बाळांच्या पोटात बिफिडोबॅक्टेरियम लाँगम आणि त्याच्या सोबतीचे काही जिवाणू यांची वस्ती होती, त्यांना विषाणूमुळे होणाऱ्या छातीच्या आजारासाठी भरती करावं लागण्याची शक्यता इतरांच्या निम्म्याहून कमी निघाली. ही वस्ती फक्त नैसर्गिक प्रसूतीने जन्मलेल्यांत दिसली. पण नैसर्गिक प्रसूतीच्या सगळ्याच बाळांत दिसली नाही, हे बातमीत बहुतेक गाळलं जातं.

हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. सिझर होतं तेव्हा त्यामागेही काही कारण असतं, आईला औषधं मिळालेली असतात, बाळ उशिरा अंगावर लागतं. या सगळ्यातलं नेमकं काय छातीपर्यंत पोचतं हे अशा अभ्यासातून वेगळं काढता येत नाही.

आणि तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट. त्याच प्रकल्पाचं आधीचं काम २०१९ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आलं होतं, ५९६ बाळांचं. सिझरच्या बाळांत दवाखान्यात सापडणारे एन्टेरोकॉकस, क्लेबसिएलासारखे जिवाणू जास्त होते. पण सहा ते नऊ महिन्यांची झाल्यावर परत पाहिलं तेव्हा दोन्ही गटांतला फरक बराचसा मिटला होता. तुमचा मुलगा १९ महिन्यांचा आहे, पहिल्या आठवड्यातली वस्ती त्याच्या पोटात आज तशीच बसलेली नाही.

पोट आणि छातीचा दुवा कसा, ते रात्री ओपीडी संपली की लिहितो.

---

माईआजी

बाळा निशिगंध, रडू नकोस ग. आमच्या वेळी चीक पिळून टाकून द्यायचे, तीन दिवस मधाचं बोट चाटवायचे. माझ्या सासूबाईंनी माझ्या थोरल्याच्या वेळी तेच केलं. धाकटीच्या वेळी मी हट्ट धरला आणि चीक पाजला. आता डॉक्टर म्हणतात तोच अमृत. मग आम्हीही अपराधी का?

मला विचारायचंय ते धुरीचं. न्हाऊ घातल्यावर बाळाला ओवा आणि लसणाच्या सालांची धुरी द्यायची आमच्यात पद्धत. छाती मोकळी होते म्हणतात. नात दोन महिन्यांची आहे. सून नको म्हणते. डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगा.

---

पारिजात

माई, सूनबाईंचं ऐका. धुरीने छाती मोकळी होत नाही, उलट आतल्या नाजूक अस्तराला त्रास होतो. चूल, शेगडी, कोळसा, उदबत्ती, विडी-सिगारेट, बाळाच्या खोलीत धूर कुठलाच नको. घरातल्या चुलीच्या धुराने लहान मुलांत न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट होतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटातले जिवाणू सुधारण्याआधी ही एक गोष्ट आज संध्याकाळपासून करता येते. न्हाऊ घाला, तेलाने मालिश करा, ओव्याची पुरचुंडी हवी तर उशाशी ठेवा. फक्त निखाऱ्यावर टाकू नका.

आणि मध एक वर्षापर्यंत बोटभरसुद्धा नको. त्यात कधी कधी बॉट्युलिझमच्या, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेच्या, जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात आधीच इतकी दाटी असते की त्यांना रुजायला जागा मिळत नाही. तान्ह्याच्या आतड्यात ती वस्ती अजून बसलेली नसते, म्हणून ते तिथे रुजतात आणि विष तयार करतात. पोटातले जिवाणू राखण करतात म्हणजे काय, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

---

माईआजी

बरं. आजपासून शेगडी बाहेर.

---

विरजण

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. डॉक्टरांची ओपीडी संपेपर्यंत दुधाबद्दल लिहिते, कारण मला स्वतःला ही गोष्ट वर्गात सांगताना दर वर्षी नव्याने थक्क व्हायला होतं.

आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्ध पदार्थांनंतर सगळ्यात जास्त असलेला घन घटक कोणता? प्रथिनं नव्हेत. विशिष्ट शर्करांच्या लहान साखळ्या, दोनशेच्या आसपास प्रकारांच्या. आणि बाळाला त्या पचवताच येत नाहीत. मग आईचं शरीर एवढा खटाटोप करून त्या बनवतं कशाला? त्या बाळासाठी नाहीतच मुळी. त्या बिफिडोबॅक्टेरियमसाठी आहेत. या साखळ्या तोडायची हत्यारं या कुळातल्या काही जातींकडे असतात, विशेषतः इन्फँटिस नावाच्या उपजातीकडे. ते जिवाणू त्या खातात, वाढतात, आम्ल सोडतात आणि आतडं आंबट करून ठेवतात. त्या आंबटपणात क्लेबसिएलासारख्यांना टिकणं अवघड जातं. दूध विरजलं की त्यात दुसरं काही सहजी वाढत नाही, तसंच.

म्हणून चौथ्या दिवशी उतरलं म्हणून ते दूध वाया गेलं असं मनात आणू नका. पुढे सात महिने तुम्ही त्याच्या पोटातल्या या रहिवाशांना रोज जेवू घालत होतात.

---

पारिजात

विरजण ताईंनी निम्मं काम केलं. आता दुवा.

आतड्याच्या भिंतीत पेयर्स पॅचेस नावाच्या जागा असतात. तिथे पांढऱ्या पेशी आतड्यातून येणाऱ्या जिवाणूंची, त्यांच्या तुकड्यांची ओळख करून घेतात. काय आपलं, काय परकं, कशावर तुटून पडायचं आणि कशाकडे दुर्लक्ष करायचं, याची शिकवणी इथे चालते. शिकलेल्या पेशी रक्तातून शरीरभर फिरतात, श्वासनलिकेच्या अस्तरापर्यंतही पोचतात. हा झाला एक रस्ता.

दुसरा रस्ता रसायनांचा. आपण खातो त्या कोंड्यातला, डाळीच्या सालांतला, भाज्यांतला जो भाग आपल्याला पचत नाही तो मोठ्या आतड्यात जिवाणू आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी आम्लं तयार होतात. ती रक्तात जातात आणि पांढऱ्या पेशींच्या घडणीवर परिणाम करतात. उंदरांवरचे प्रयोग यात पुष्कळ आहेत. येल विद्यापीठात २०११ मध्ये दाखवलं की अँटिबायोटिक देऊन पोटातले जिवाणू कमी केलेल्या उंदरांची फ्लूच्या विषाणूशी लढण्याची ताकद घटते.

पण उंदीर तो उंदीर. माणसाच्या बाळात ही साखळी इतकी कडी-कडी जोडून दाखवलेली नाही. म्हणून तुमच्या डॉक्टर "थेट नाही, पण आहे" म्हणाल्या ते अगदी मोजून बोलल्या.

---

दूरदेशी

आम्ही नेदरलँड्समध्ये, उत्रेख्तजवळ असतो. मुलगी अकराव्या महिन्यात पाळणाघरात जायला लागली आणि पहिल्या हिवाळ्यात सतत आजारी. इथले डॉक्टर अँटिबायोटिक लिहून देत नाहीत. ताप असेल तर पॅरासिटामोल, पाणी पाजा, श्वासाकडे लक्ष ठेवा, दोन दिवसांनी फोन करा. पहिल्या वेळी मी चिडून दवाखान्यातून बाहेर पडलो होतो. आपल्याकडे असतो तर आत्तापर्यंत औषध पोटात गेलं असतं, असं बायकोला म्हणालो. आता मत बदललंय. मुलगी प्रत्येक वेळी आपली आपण बरी झाली.

उत्रेख्तचा म्हणून एक अभ्यास मी शोधून वाचला. २०१९ चा, १२० बाळांचा. त्यात सिझरच्या आयांना अँटिबायोटिक नाळ कापल्यानंतर दिलं होतं, म्हणजे ते बाळाला नाळेतून मिळायची सोय नव्हती. तरीही त्या बाळांत बिफिडोबॅक्टेरियम कमी आणि क्लेबसिएला, एन्टेरोकॉकस जास्त होते. आणि पहिल्या आठवड्यातल्या वस्तीचा पहिल्या वर्षातल्या सर्दी-खोकल्यांच्या संख्येशी संबंध दिसला. म्हणजे इंग्लंडच्या आधी इथेही तोच धागा हाती लागला होता.

डॉक्टर, एक विचारतो. वर्षाला किती वेळा आजारी पडणं नॉर्मल?

---

पारिजात

शाळेआधीच्या वयात वर्षाला सहा ते आठ सर्द्या हे नेहमीचंच, पाळणाघरात जाणाऱ्यांना त्याहून जास्त. बहुतेक विषाणूंच्या. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाची पहिल्यांदा घुरघुर होते ती बहुतेकदा ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे आरएसव्हीसारख्या विषाणूने सुजलेल्या बारीक श्वासनळ्या. तिथे सिरपने छातीला फायदा शून्य, आणि पोटातली वस्ती मात्र उठते. निशिगंधताईंच्या मुलाचे जुलाब हे त्याचंच लक्षण असू शकतं.

पण एक सांगायला हवं. सर्दी वेगळी आणि छाती भरणं वेगळं. पावसाळ्यापासून चार वेळा छाती भरली, तर दम्याची प्रवृत्ती, ॲलर्जी, श्वासनळीत काही अडकलेलं असणं, क्षयरोगाचा संपर्क, यांचा विचार तुमच्या डॉक्टरांना करावा लागेल. सगळं पोटावर ढकलून मोकळं होऊ नका. वजनाचा तक्ता सोबत न्या. वजन वाढतंय की थांबलंय, यावरून आम्हाला खूप कळतं.

---

सह्याद्रीकर

मला थोडं वेगळं सांगायचंय. आमची मुलगी दोन वर्षांची असताना हाच प्रकार. ओळखीतल्या एकांनी प्रोबायोटिक सुचवलं. चार महिने दिलं. तेव्हापासून मुलगी ठणठणीत. आता तीन वर्षं झाली, नेब्युलायझर कपाटात पडून आहे. अभ्यास काहीही म्हणोत, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. निशिगंधताई, देऊन बघा. नुकसान तर नाही ना!

---

विरजण

सह्याद्रीकर, मुलगी बरी आहे हे वाचून खरंच आनंद झाला. फक्त एक बघा. दोन ते पाच या वयात बहुतेक मुलांचं आजारी पडणं आपोआपच कमी होत जातं. आपण औषध देतो तेही आजारपण शिगेला पोचल्यावर. मग उतार औषधाचा की वयाचा, हे एका मुलावरून ठरवता येत नाही. त्यासाठी पुष्कळ मुलं लागतात आणि अर्ध्यांना नुसती पावडर द्यावी लागते.

असा एक मोठा प्रयोग आपल्याच देशात झालाय आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. ओडिशातल्या १४९ गावांत. पिनाकी पाणिग्रही यांच्या नेतृत्वाखाली, आणि २०१७ मध्ये नेचरमध्ये आला. ४,५५६ नवजात बाळं, सगळी निदान दोन किलो वजनाची, अंगावर पिणारी. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान सुरू करून फक्त सात दिवस रोज एक मात्रा. त्यात लॅक्टोबॅसिलस प्लँटारम या जिवाणूचा एक निवडक वाण आणि त्याला खायला फ्रुक्टोऑलिगोसॅकराइड नावाची साखर, म्हणजे बियाणं आणि खत एकाच पुडीत. अर्ध्या बाळांना दिसायला तशीच, पण जिवाणू नसलेली पावडर.

साठ दिवस लक्ष ठेवलं. पावडरवाल्या गटात रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू ९ टक्के, जिवाणूवाल्या गटात ५.४ टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की देखरेख समितीने ठरलेली संख्या पुरी होण्याआधीच प्रयोग थांबवला. आणि या धाग्याचा खरा मुद्दा पुढे आहे. त्याच सात दिवसांच्या पुडीने छातीचा जंतुसंसर्गही सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. औषध गेलं पोटात आणि फरक दिसला फुप्फुसात. मी हा तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

पण हे नीट वाचा. एकच ठरावीक वाण होता. बाळं नवजात होती. फायदा पहिल्या साठ दिवसांतला होता. दुकानात प्रोबायोटिक म्हणून मिळणारी पुडी म्हणजे ती पुडी नव्हे. जिवाणूंचं जातीवरून ठरत नाही, वाणावर ठरतं. आंबा म्हटलं तरी हापूस आणि रायवळ एक नसतात. आणि दोन दिवसांच्या बाळाचं शेत मोकळं असतं. १९ महिन्यांच्या मुलाच्या पोटात पीक उभं आहे, तिथे नवं बियाणं टाकून तसंच उगवेल असं नाही.

---

निशिगंध

विरजण ताई, हे वाण आणि शेताचं पटकन समजलं. मग मोठ्या मुलांसाठी काहीच नाही का?

---

पारिजात

आहे, पण थोडं. हेलसिंकीत पाळणाघरातल्या ५७१ मुलांवर, वय एक ते सहा, सात महिन्यांचा एक प्रयोग झाला. २००१ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला. अर्ध्यांच्या दुधात लॅक्टोबॅसिलस जीजी हा जिवाणू. आजारपणामुळे घरी राहण्याचे दिवस सरासरी ५.८ वरून ४.९ वर आले. सात महिने रोज तीनदा दूध पाजून एक दिवस वाचला. वयाचा फरक हिशोबात धरला तर तेवढाही फायदा ठामपणे सांगता येत नव्हता.

अशा अनेक प्रयोगांची बेरीज कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने केलीय, २०२२ ची ताजी. त्यात प्रोबायोटिक घेणाऱ्यांत निदान एकदा तरी सर्दी-खोकला होणाऱ्यांचं प्रमाण साधारण पाव हिश्श्याने कमी दिसलं, अँटिबायोटिकही कमी लागलं. पण पुराव्याचा दर्जा कमी ते मध्यम. आणि हे नाक-घशाच्या आजारांचं आहे, न्यूमोनियाचं नाही.

म्हणून मी रोजचं औषध म्हणून लिहून देत नाही. एखाद्या घरी द्यायचंच असेल आणि मूल धडधाकट असेल तर अडवतही नाही. "नुकसान तर नाही ना" हे मात्र सरसकट खरं नाही, सह्याद्रीकर. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, दवाखान्यातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत इशारा दिला, कारण अशा एका बाळाच्या रक्तात प्रोबायोटिकमधलाच जिवाणू शिरला आणि ते बाळ दगावलं. अपुऱ्या दिवसांचं बाळ, हृदयाचा मोठा दोष, प्रतिकारशक्तीचा आजार, यांत स्वतःहून कुठलीही पुडी देऊ नका.

---

सह्याद्रीकर

हे माहीत नव्हतं. वरचं "नुकसान तर नाही ना" मागे घेतो. आमच्या शेजारी सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ आहे, त्यांना मी हेच सुचवणार होतो.

---

रानजाई

मी गडचिरोली भागात एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका आहे, अठरा वर्षं झाली. पोटातले जिवाणू वगैरे मला तुमच्याइतके कळत नाहीत, पण इतका वेळ सगळे वाचतेय आणि एका गोष्टीवर कोणी आलंच नाही. म्हणून लिहिते.

निशिगंधताई, पुढच्या वेळी घुरघुर सुरू झाली की आधी श्वास मोजा.

आमच्याकडे लोक म्हणतात "पोट उडतेय", "डब्बा झाला". म्हणजे श्वास इतका जोरात की पोट वरखाली होतं आणि बघणाऱ्याला वाटतं दुखणं पोटाचंच आहे. मेळघाटात तर फुगलेल्या पोटाला तापलेल्या विळ्याचे चटके देतात. तसे डाग असलेलं लेकरू मी हातात घेतलंय. आईची चूक नसते हो. तिला पोट दिसतं, फुप्फुस दिसत नाही.

मोजायचं असं. मूल शांत हवं. झोपलेलं किंवा आईच्या मांडीवर, पण अंगावर पीत नसावं आणि रडत नसावं. झबलं छातीच्या वर सरकवा, पोट आणि बरगड्या दोन्ही उघडे दिसले पाहिजेत. उजेड बाजूने येऊ द्या. हात लावू नका, थंड हाताने मूल दचकतं आणि मोजणी चुकते. पोट एकदा वर आलं की एक. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलाचा श्वास एकसारखा चालत नाही, मध्ये थांबतो, परत धावतो.

दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त. आकडा एवढा किंवा याच्या वर आला तर जोरात श्वास, दवाखाना गाठा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६० किंवा जास्त आला तर एकदा परत मोजा, पण परत आला तर थांबू नका. आणि आकडा काहीही असो, श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालची जागा आत ओढली जात असेल, मूल कण्हत असेल, ओठ निळसर, पाणी-दूध घेत नसेल, सुस्त पडलं असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

हे मोजणं आमच्या जिल्ह्यात फार जुनं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने इथल्या गावांत शिकवलं. गावातल्या आरोग्यदूतांनी आणि सुईणींनी न्यूमोनिया ओळखून औषध दिलं आणि बालमृत्यू घटले, ते १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. न शिकलेल्या सुईणींना मोठे आकडे मोजणं जड जायचं, म्हणून त्यांच्यासाठी लाकडी पाटीवर मणी आणि वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ बसवलं होतं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. एका म्हाताऱ्या सुईणीने मला ते सगळं हाताने करून दाखवलं होतं. मणी नव्हते तेव्हा, तिने मोहाच्या बिया मांडल्या. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येऊन जे करतात, त्याचं मूळ इथल्या घरोघरी नवजात बाळ सेवेत आहे.

अँटिबायोटिक वाईट नाही, ताई. न्यूमोनिया असेल तर तेच जीव वाचवतं. मी ते स्वतः पाजलंय आणि तिसऱ्या दिवशी लेकरू उठून बसलेलं पाहिलंय. कधी लागतं आणि कधी नाही, एवढंच मोजायचं. आणि न्यूमोनियाची लस, पीसीव्ही, झालीय का ते कार्डावर बघा. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. २०२१ पासून सरकारी दवाखान्यात सगळीकडे फुकट आहे.

---

पारिजात

रानजाई ताई, तुमचा प्रतिसाद मी माझ्या दवाखान्यातल्या फळ्यावर लिहून लावणार आहे. वेळ नाही म्हणून तीस सेकंद मोजून दुप्पट करणारे माझे सहकारी आहेत, मीही केलंय. उद्यापासून पूर्ण मिनिट.

---

दूरदेशी

"श्वासाकडे लक्ष ठेवा" म्हणजे नेमकं काय हे मला इथे कोणी इतकं उलगडून सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

---

माईआजी

जेवणाचं कोणी बोलत नाही. आम्ही नाचणीची पेज, मुगाचं वरण, ताक यावर पोरं वाढवली. ते बरोबर की तेही चुकलं?

---

विरजण

माई, ते अगदी बरोबर. १९ महिन्यांच्या मुलाच्या पोटातल्या वस्तीला आता आईच्या दुधातल्या साखळ्यांऐवजी कोंडा, डाळी, भाज्या, फळं यांचाच आधार. नाचणी, ज्वारी-बाजरीची मऊ भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, सालाची मूगडाळ, शिजवून कुस्करलेला लाल भोपळा, केळं, पेरू बिया काढून. बिस्किटं आणि मैद्याचे टोस्ट यांतून त्या जिवाणूंच्या वाट्याला जवळपास काही येत नाही. आजारी मुलाला आपण नेमकं बिस्किटावर ठेवतो, ते थांबवा.

दही-ताक जरूर द्या, घरचं, ताजं. पण घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती, हे घरागणिक आणि ऋतूगणिक बदलतं. म्हणून त्याला औषध म्हणता येणार नाही. ते चांगलं अन्न आहे. आणि सर्दीत दही बंद करायची गरज नाही, मुलाला आवडत असेल तर खाऊ दे.

---

निशिगंध

तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण मुद्दाम थांबले होते.

डॉक्टरांना हा सगळा धागा दाखवला. वजनाचा तक्ता नेला होता. वजन वाढतंय, फक्त दोन वेळा सिरपच्या महिन्यात अडलं होतं. पीसीव्हीचा नऊ महिन्यांचा डोस राहिला होता, कार्डावर ती चौकट कोरी होती आणि दहा महिन्यांत माझं लक्षच गेलं नव्हतं. तो दिला. दम्याच्या दृष्टीने त्या पुढे लक्ष ठेवणार आहेत. प्रोबायोटिक नाही लिहिलं, मीही मागितलं नाही. सासऱ्यांनी देवघरातली उदबत्ती बाल्कनीतल्या तुळशीपाशी नेली. मी काही म्हणण्याआधीच, माईआजींचा प्रतिसाद वाचून.

परवा परत नाक गळायला लागलं. काल रात्री खोकला, घुरघुर. हात आपोआप कपाटातल्या जुन्या सिरपच्या बाटलीकडे गेला, खोटं कशाला बोलू. मग दिवा बाजूच्या टेबलावर ठेवला, झबलं वर केलं, नवऱ्याने मोबाइलवर मिनिट लावलं आणि मी मोजलं. पहिल्यांदा मधेच चुकले, त्याने कूस बदलली. परत मोजलं. ३४. बरगड्यांखाली ओढ नाही. तासाभराने परत, ३२. पहाटे चार वाजता ३०.

सकाळी डॉक्टरांना फोनवर तिन्ही आकडे सांगितले. म्हणाल्या, नाकात सलाईनचे थेंब घाला, पाजत राहा, संध्याकाळी परत मोजून कळवा.

आत्ता नाचणीची पेज अर्धी वाटी खाल्लीय आणि उरलेली माझ्या ओढणीला पुसतोय. संध्याकाळचा आकडा इथेही लिहीन.